नाव घेण्याची वेळ

टाउनशिप, भोपाळ

तीर्थरूप आईस,

ऋचाच्या साखरपुड्याला तू आणि बाबा येताय, हे फोनवर ऐकून मी नुसतं "बरं" म्हणाले. बोलता आलं नाही ते लिहिते.

त्या मंत्र्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट काल आमच्या क्लबात दाखवला. नावं बदलली आहेत. हळदीकुंकवाला बायका नायिकेला नवऱ्याचं नाव घ्यायचा आग्रह करतात. ती म्हणते, "ज्याचं घ्यावंसं वाटतं, त्याचं इथे घेता येत नाही."

खरं तर हे तू त्यांच्याबद्दल म्हणाली होतीस; तेव्हा ते मंत्री नव्हते आणि मी सात वर्षांची होते. त्यानंतर बाबांनी ग्वाल्हेरला बदली मागून घेतली. इथे कुणालाच ते ठाऊक नाही.

"काय हिंमत बाईची!" शेजारच्या कमलिनीताई हसल्या. "आता मीही उखाण्यात हेच म्हणणार!"

सासूबाई मात्र म्हणाल्या, "असल्या घरची सोयरीक कोण करेल?"

साखरपुड्यात बायका तुलाही सोडणार नाहीत. "आजी, नाव घ्या!" बाबा समोर असतील, ऋचाचे सासरचेही. तुला खोटं बोलता येत नाही, आई, मला त्याचीच धास्ती वाटते.

म्हणून "येऊ नकोस" असं लिहिणार होते, तेवढ्यात ऋचा आली. मी कागद हाताखाली झाकला.

"आई, सिनेमातली ती बाई एकदम सच्ची होती यार! मला तिला भेटायचं होतं."

मग तिने लगेच विचारलं,

"आजीला घ्यायला स्टेशनवर मी जाऊ?"

मी हो म्हणाले, आणि ती गेल्यावर "येऊ नकोस" न लिहिताच पत्र पुरं केलं.

तुझी,
कांचन