नावापुढची जागा

निपाणी, माघ शुद्ध पंचमी, १९३९. संध्याकाळ.

सगळं बदललं ते इंटरच्या वर्षी, कॉलेजच्या अंकाचा मजकूर घेऊन बेळगावच्या छापखान्यात गेलो त्या दिवशी. तिथल्या अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं हातावर शिशाच्या अक्षराचा एक खिळा ठेवला. अक्षर उलटं होतं, मला ते सरळ वाचता आलं. वकील व्हायचं तिथंच संपलं! महिन्याभरात कॉलेज सोडलं आणि इथल्या छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. पस्तावा? छे.

पण मास्तरांचं ते वाक्य डोक्यातनं जात नाही. दुपारी सुमनला मागणी घालायला गेलो, तर तिचे वडील, म्हणजे मास्तरच, म्हणतात, “लग्नपत्रिकेत तुझ्या नावापुढं काय छापायचं रं? अर्धा बी. ए.?”

“छापणार मीच हाय, मास्तर!” म्हणालो आणि ताडकन उठलो. कशाला उठलो?

सुमन दारात म्हणाली, “तोंड आवर की जरा! उद्या बी. ए. झालेला येतोय मला बघायला.”

“मग?”

“मग काय? पत्रिका तूच जुळव. आपली नावं तेवढी चुकवू नको.”

तसाच छापखान्यात गेलो. तिचं नाव जुळवलं, माझं जुळवलं. माझ्या नावापुढं बी. ए. लावून बघितलं. छान दिसत होतं. लई छान. खोटं किती थोड्या खिळ्यांत मावतं! काढलं. त्या जागी ‘जुळारी’ बसवलं, शाई लावली आणि कागदावर ठसा उठवला.

मास्तर आधी शुद्धलेखन तपासतील. तपासू देत, चूक सापडायची नाही. शाई अजून ओली आहे, कागद हातातच धरून न्यावा लागणार. हा उठलो. दार ओढून घेतो आणि थेट त्यांच्याकडं.