अब्बांचे पुढचे दात

१४ नोव्हें. जुन्नर
काल पुण्याहून घरी. सकाळी धुकं, समोरची मशीदसुद्धा दिसेना. गच्चीवर अब्बांचं क्लॅरोनेट. लग्नाचा बँड सुटून वर्षं झाली, तरी रोज तासभर वाजवतात. एक सूर दुसऱ्यात कधी विरघळला कळत नाही. चहा निवला.
माझ्या नव्या रचनेत आठ तंतुवाद्यं, एक क्लॅरोनेट. मधला संथ भाग केव्हाचा अडलाय. त्याला हाच सूर हवा होता.

१६ नोव्हें.
विचारलं. "मला कागद वाचता येत न्हाई." म्हटलं, मी गाते, तुम्ही वाजवा. हसले. "वरात कुणाची, तेवढं सांग."

१९ नोव्हें.
नारायणगावच्या दातांच्या डॉक्टरबाई: हिरडीत पू, पुढचे चार दात याच आठवड्यात काढायचे. मग ओठाची पकड जाणार. कवळीवर पुन्हा तसं वाजेल? सांगता येत नाही म्हणाल्या. माझ्या रचनेचा कार्यक्रम १२ डिसें.ला.
जीपमध्ये अब्बा द्राक्षांचे मांडव बघत बसले.

२१ नोव्हें.
अब्बांनी परस्पर फोन करून दात काढणं पुढे ढकललं. "तुझं वाजवून झाल्यावर काढू." मी हो म्हटलं. लगेच. लिहिताना लाज वाटते.

२७ नोव्हें.
घरीच तालीम, मी आणि अब्बा. संथ भाग पहिल्यांदा सबंध झाला. माझे डोळे मिटले होते. घर पाण्यावर तरंगतंय असं… उघडले तर अब्बांच्या रुमालावर रक्त, गाल सुजलेला. "थांबू नको. लई दिसांनी असं लागलंय."
मी थांबले.

२८ नोव्हें.
दवाखान्याच्या पायरीवर आम्ही भांडलो. "सूर माझा हाय. तू कोण ठरवणार?"
"मीच मागितला होता. आता नको."
अब्बांनी चपला काढल्या. मग स्वतःच आत गेले.

१२ डिसें. पुणे
दुसऱ्या वादकाला विचारलं नाही. क्लॅरोनेटची जागा मोकळी ठेवली. खाली तंतुवाद्यांचा लांब, मंद सूर, वर कोणी नाही. पहिल्या रांगेत अब्बा, तोंडाशी रुमाल, मांडीवर बोटं चालू. सबंध भाग वाजवला त्यांनी. ऐकलं फक्त मी.
बाहेर आल्यावर: "तिसऱ्या वळणाला घाई केली त्यांनी."

२० जाने. जुन्नर
नवी कवळी बसून आठवडा झाला. आज क्लॅरोनेटची पेटी घेऊन एकटेच कुकडी नदीकाठी गेले. "मागं येऊ नको."
ऊन डोक्यावर आलं. अम्मी म्हणाली, जेवायला हाक मार. म्हटलं, राहू दे अजून थोडा वेळ.