तुझ्या आजाराचं नाव सापडलं

प्रिय आई,

सुमीचा रिपोर्ट आज आला, आणि तुला कळवल्याशिवाय मला चैन पडेना. सापडलं गं, आई! दोन वर्षांपूर्वी तुला घेऊन गेलं ते आणि तिला छळतंय ते बहुधा एकच, असं डॉक्टर म्हणाले.

मूत्रपिंडांवर म्हणे चिमुकल्या ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसॉल नावाचा स्राव येतो. सुमीचा स्राव काही दिवस एकदम उसळतो आणि मग आपोआप ओसरतो. फार क्वचित आढळणारा आजार आहे!

तुझाही चेहरा असाच फुगायचा. पाटावरून उठताना भिंत धरावी लागायची. नळावर शेजारच्या शेवंतामावशी विचारायच्या, "घोवाचो पगार वाढलो काय गो? तोंड बघ कसा भरलाहा!" तू हसायचीस आणि घरात येऊन रडायचीस. असा चेहरा घेऊन चार लोकांत कसं जायचं, म्हणून सूज उतरल्यावरच इस्पितळात जायचीस. "उतरू दे, मग जाऊ," असं मीही म्हणायचो. मग रिपोर्ट दरवेळी चांगलाच यायचा! "मनाचं आहे," एवढं ऐकून आपण परत. का ऐकलंस माझं?

सुमीच्या वेळी मी वही ठेवली. चेहरा कधी फुगला, भिंत कधी धरली, सगळं तारीखवार लिहिलं. सातवी नापास माणसाची वही डॉक्टरांनी दोनदा वाचली! म्हणाले, "दर अठरा-वीस दिवसांनी उसळी येते. आता सूज असतानाच चोवीस तासांची लघवी आणा."

सूज आली ती नेमकी हरताळात! "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे"च्या घोषणा चालू होत्या. भोईवाड्याच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"बरणीत काय रे? ॲसिड?"

"नाही साहेब, बहिणीची लघवी."

"मग माझ्या तोंडासमोर काय धरतोस? पळ!"

पळालो, पण थेंब सांडू दिला नाही!

सोमवारी सुमीच्या त्या ग्रंथींवर शस्त्रक्रिया आहे. धोका आहे, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. भीती वाटते, तरी आज आनंदानं जेवण जात नाही. सुमीनं विचारलं, "दादा, म्हणजे मी वेडी नाही ना रे?"

"नाहीस. कधीच नव्हतीस."

आई, हे तुला सांगायचं राहून गेलं. तूही नव्हतीस गं.

सुमी शुद्धीवर येऊन डोळे उघडेल, तेव्हा समोर मी असेन. हे तुला वचन.

तुझा,
वसंत