न धुतलेली फरशी

छत्रपती संभाजीनगर,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रमोदिनीताई,
नीरजाचा सा. नमस्कार.

आई दवाखान्यातून घरी आल्या. खोकला कमी आहे. काल अर्धी भाकरी आणि वरण घेतलं. फोनवर तुम्ही रडता आणि मला शब्द फुटत नाही, म्हणून कुरिअरनं पत्र पाठवतेय.

तुमचं म्हणणं, आईंना विसर पडतो, ब्लीच टाकल्यावर त्याच फरशीवर ॲसिड ओततात, तेव्हा रविवारी त्यांना पुण्याला नेते. तुमच्या लाडक्या भावानं तर त्यांना गॅसला हात लावायची बंदीच केलीय. 'चहा करू का गं?' असं त्या आता मला विचारतात. स्वतःच्या स्वयंपाकघरात!

आपल्याकडे नळ आठवड्यातून एकदा. त्या दिवशी आई ॲसिडनं बाथरूम घासतात, हे तुम्ही लहानपणापासून बघताय. ताई, आई गुदमरल्या त्या दिवशी सकाळी बाथरूमच्या फरशीवर ब्लीच मी ओतलं होतं. धुवायला दोन बादल्या गेल्या असत्या. नळ आल्यावर धुऊ म्हणून तशीच ठेवली आणि औरंगपुऱ्यात क्लास घ्यायला पळाले. आईंना सांगितलं नाही.

आणि क्लासमध्ये मी शिकवलं काय, तर ऑक्सिडेशन नंबर! ॲसिडमधल्या क्लोरीनचा नंबर उणे एक. त्याच्या खाली त्याला जाता येत नाही, म्हणून तो इलेक्ट्रॉन फक्त देऊ शकतो. ब्लीचमधला अधिक एक, तो घ्यायला टपलेला. दोघं भेटले की शून्यावर येतात, आणि शून्यावरचा क्लोरीन म्हणजे विषारी वायू. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे घरी होऊ शकतं?" मी ऐटीत म्हणाले, "निष्काळजी माणसांच्या घरी." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दवाखान्यात मास्क बाजूला करून आई म्हणाल्या, "दोन्ही मीच टाकलं म्हणून सांगितलंय. तू गप बस. प्रमूच्या मनात तुझ्याबद्दल अढी बसली, तर माझ्या माघारी तुम्हा दोघींचं कसं व्हायचं?"

मी गप बसले. खरं सांगू? तेव्हा मला हायसं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

आज त्यांनी बॅग भरायला काढली. चारच साड्या ठेवल्या. "परत आणशील ना गं मला?" म्हणाल्या. मी आत येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

रविवारी जरूर या. पण आईंना न्यायला नको, मला बोलायला या. त्यांना कशाचाही विसर पडलेला नाही.

सगळं लख्ख आठवणारी,
नीरजा