निळा सोडून कुठलाबी

२ मे
आकुर्डीच्या दुकानात लोकर मागितली तर दुकानदार हसला. "काकू, मे महिन्यात स्वेटर?" म्हटलं, लेकीचं बाळ ऑगस्टअखेर येणार, थंडी काय त्याला विचारून येणारेय? निळे चार गुंडे घेतले, पांढरा एक. तर म्हणतो, "नातूच पाहिजे वाटतं!" डोंबल! निळा मुलाचा नि गुलाबी मुलीचा, कुणी ठरवलं? निळा आमचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला दारावर झेंडा लागतो, तो.
बेत: अंग निळं, गळा नि बाह्यांच्या कडा पांढऱ्या.

५ मे
घामानं लोकर बोटांना चिकटते. पंखा मोठा केला की गुंडा पळतो पलंगाखाली. ओला टॉवेल शेजारी ठेवून विणतेय. पाठीचा भाग अर्धा झाला.

९ मे
लेकीच्या, प्रज्ञाच्या, सासूबाई निघोज्याहून आल्या, आंबे घेऊन. बाई वाईट नाही. लग्नापासून मला ताई म्हणते, आमच्याकडे पोटभर जेवते. विणकाम हातात घेतलं, पालथं करून बघितलं. "टाका झ्याक हाय. पन ताई, निळा सोडून कुठलाबी घाला की."
का हो?
"तसं न्हाई. आमाला काय न्हाई. भावकीतली लोकं बोलत्यात."
भावकी! सून चालली, सुनेचं पोर चालतंय, रंग तेवढा चालत नाही? आणि मी काय केलं? चहा टाकला. बोलले नाही, तेच जळतंय आता.
आंबे गोड निघाले. त्याचाही राग आला.

१० मे
हे म्हणतात, "पांढरा घाल. भांडण कशाला." कंपनीच्या गेटवर युनियनचा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे असायचा हा माणूस. विहिणीपुढे शेळी!

१३ मे
जेवणाच्या सुट्टीत प्र.चा फोन. सासूबाई काय बोलल्या ते तिला कळलंय. "आई, पट्ट्यापट्ट्यांचा घाल ना. सगळे रंग. त्यात निळा कुणाच्या डोळ्यावर येणार नाही."
म्हणजे चोरून? आपण काय चोरी केलीय?
ती म्हणाली, "तुला नाही राहायचं तिथं. मला राहायचंय."
फोन ठेवला नि भांडी दाणदाण घासली. शेजारीण डोकावून गेली.

१४ मे
विणलं नाही.

१८ मे
प्र. आली. पाय सुजलेत बिचारीचे. बादलीत पाणी दिलं पाय सोडून बसायला. बसल्या बसल्या विणकामावरून हात फिरवत होती.
"निळाच घाल आई. फक्त इथंच ठेव. बाळंतपणाला येईन ना, तेव्हा सव्वा महिना घालीन रोज."
माझी समजूत काढत होती, मीच लहान असल्यासारखी. सप्टेंबरात स्वेटर! घामोळं उठेल लेकराच्या अंगावर. म्हणजे माहेरपुरता रंग. रिक्षात बसवताना अंगातून काढून इथंच ठेवायचा, निघोज्यात न्यायचा नाही. ती गेल्यावर रडले. राग तिचा नाही. पण कुणाचा करू मग?

१९ मे
सकाळी पाठीचा भाग उसवला. सगळा. ह्यांनी पेपर खाली ठेवला. "सोडलास ना निळा? बरं केलंस."
सोडते कशाला! माप सोडलं. तान्ह्याचं होतं, आता चार-पाच महिन्यांच्या पोराचं धरलं. टाके वाढवून नव्यानं घातले. आता माझ्याकडं सव्वा महिन्यात हा अंगाला येतच नाही, ढगळ होणार. नीट बसेल तो थेट डिसेंबरात. तेव्हा बाळही निघोज्यात नि थंडीही तिथंच.
पांढरा बाद. त्याचे ह्यांना मोजे करीन.
पेटीत ठेवायचा की बाळाच्या अंगात घालायचा, ते प्र.नं नि तिच्या सासूनं ठरवावं. भावकीलाही विचारा हवं तर. थंडी थांबणारेय का तोवर?
दुपारपर्यंत चार बोटं विणून झालं.