बयाबाईंची मूठ

५ नोव्हेंबर
आज हरले मी! तीन नंबरच्या खाटेवरच्या बयाबाईंनी एक बोट वाकवलं असेल तर शपथ. आटपाडीहून सांगलीला आमच्या इस्पितळात आणलं त्यांना. पाणी तापवताना चुलीचा भडका उडाला, उजवा हात भाजला. मांडीची कातडी काढून हातावर लावली, ती झकास धरलीय. आता बोटं हलवायलाच हवीत, नाहीतर कातडी आखडते आणि हात कायमचा वाकडा. मऊ चेंडू दाबायला दिला, तर म्हणे, "म्या काय ल्हान पोर हाय व्हय, चेंडू खेळाया?" अस्सा राग आला ना!

६ नोव्हेंबर
डाव्या हातानं जेवा म्हटलं. "डाव्या हातानं? अन्नाचा अपमान!" शेवटी त्यांचे मालक दादासो भरवायला बसले. तांबडं मुंडासं, झुपकेदार मिशा आणि घास केवढा — बैलाच्या तोंडात मावला नसता! "बारीक करा की जरा," बयाबाई म्हणत होत्या. सगळा वॉर्ड बघतोय आणि म्हातारबुवा लाजून चूर. हसून हसून पोट दुखलं.

९ नोव्हेंबर
मूठ नाहीच. "लय ठणकतंय वं, शिस्टर."

१० नोव्हेंबर
आमचे सर्जन सुमंत सर म्हणाले, दोन दिवसांत मूठ वळली नाही तर परत ऑपरेशन. या वयात परत भूल, परत कापाकापी! बयाबाईंना सांगितलं, तरी जेवताना गालातल्या गालात हसत होत्या. काय म्हणावं या बाईला?

१२ नोव्हेंबर
काय सांगू! दादासो चहाला गेले होते. मी ट्रे घेऊन आत शिरते तर बयाबाई दोन्ही हातांनी अंबाडा घालतायत! मला बघताच हात पदराखाली.

"बयाबाई!!"

"हळू बोला की! व्यायाम रोज करती म्या, पांघरुणाखाली."

"मग हे नाटक कशाला?"

"लगीन झाल्यापासनं ह्यांनी माझ्या ताटाकडं कवा बघितलं न्हाई. मेंढरामागं समदा जलम गेला. आता भरवत्यात. हात बरा झाला म्हनलं की थांबतील न्हवं?"

ओरडायला तोंड उघडलं होतं, पण डोळेच भरून आले. दादासो चहा पिऊन येताच त्यांना औषध आणायला खाली पिटाळलं आणि सरांना बोलावलं. मूठ वळली, उघडली, परत वळली! ऑपरेशन रद्द! सगळं ऐकून सर हसून म्हणाले, "जेवण भरवायला माझी काही हरकत नाही." दुपारी ताट आलं आणि हात पुन्हा लाकूड. म्हातारी वस्ताद आहे.

१५ नोव्हेंबर
बयाबाई घरी गेल्या. त्या रिक्षात बसल्यावर दादासो पिशवी राहिल्याचं निमित्त करून माघारी आले. इकडंतिकडं बघत कुजबुजले, "शिस्टर, तिचा हात कवाच बरा झालाय, ठावं हाय मला. तिला सांगू नगा."