दोरीवर वाळत घातलेलं इंग्रजी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कुरकुरायचे थांबले का? मला मात्र सकाळपासून आपल्या शाळेतला तो आवाज ऐकू येतोय: सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय आणि बाकांवर तळहातांचा ठेका पडतोय. त्या ठेक्यानेच या वयात माझा घात केला.

झालं असं, की आपली नात नववीत गेली आणि इंग्रजी निबंधात तिचे शब्द जागा सोडून पळू लागले. मी मदतीला धावलो. (कोणी बोलावलं नव्हतं.) एकेक शब्द पुठ्ठ्यावर लिहिला, गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने अडकवला आणि तिला सांगितलं, "ठेका धर, आणि जो शब्द जिथे गोड वाटेल तिथे टांग. कवी तरी वेगळं काय करतात?" क्रियापद अर्थातच शेवटी; समेवर आल्याशिवाय वाक्य संपल्यासारखं वाटतं का? 'आय यस्टरडे ग्रँडफादर विथ मार्केट टू वेंट' हे वाक्य दोन टॉवेलांच्या मधोमध डुलताना पाहून माझे डोळे भरून आले.

इंग्रजीच्या बाईंचेही भरून आले असावेत. वही लालेलाल! पुढच्या शुक्रवारपर्यंत निबंध सुधारला तरच आपली नात तो साऱ्या शाळेपुढे वाचणार, नाहीतर दुसरी मुलगी. पोर रडकुंडीला आली. मी म्हटलं, "अगं, कवितेत चालतं." तर म्हणते, "आजोबा, हा निबंध आहे!" सूनबाईने माझ्या हातातला चिमटाच काढून घेतला. "बाबा, यापुढे दोरीवर फक्त कपडे." (माझ्या ओल्या सदऱ्याच्या खिशाला अजून एक 'बिकॉज' लटकतोय, तो तिला दिसलेला नाही.)

तरी सांगतो, त्या गॅलरीत शब्द टांगताना आम्ही आजोबा-नात पोट दुखेपर्यंत हसलो. बाकी घरी सगळे मजेत.

तुझा,
दादा

ता.क. गुडघ्यांची चौकशी मनापासूनच केली, पण खरं काम वेगळं आहे. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस. पत्र मिळताच निघ. सहज आल्यासारखं दाखव. मी बोलावलं हे सूनबाईला कळलं तर माझं काही खरं नाही.

आणखी ता.क. थांब, बेल वाजली. अगं, दारात साक्षात इंग्रजीच्या बाई! "ते दोरीवाले आजोबा इथेच राहतात ना?" (म्हणजे पोरीने शाळेत सगळं सांगितलंय.) मी पडद्याआड आहे. सूनबाई चक्क म्हणतेय, "ते झोपलेत." आणि धाकटे, बाईंच्या हातात, म्हणे वर्गात बांधायला, नवी कोरी दोरी आहे आणि चिमट्यांचं भलंमोठं पाकीट!